रिंग वाहून गेली! मुगेनमधल्या बॉक्सिंग रिंगच्या स्टेजची दुरुस्ती

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नाशिकच्या सिडकोतल्या एका खोलीत आठवी-नववीच्या पोरांना मुगेनवर फायटिंग गेम बनवायला शिकवतो. दर बॅचला एक तरी पोरगा बॉक्सिंग रिंगची स्टेज करतो. त्याला वाटतं, चार खांब, चार दोर आणि एक निळा चौकोन, त्यात काय एवढं? चौथ्या दिवशी तोच तोंड पाडून येतो आणि म्हणतो, "सर, रिंग वाहून गेली." फायटर एकीकडे, कॅनव्हास (म्हणजे रिंगची जमीन) दुसरीकडे आणि दोर तिसरीकडे. गोदेचा पूर पाहिलेल्या पोरांनी दिलेलं हे नाव इतकं चपखल आहे, की आता मीही या दोषाला तेच म्हणतो.

ही दुरुस्ती मी इतक्या वेळा केली आहे, की एकदा नीट लिहून ठेवतो. आधीच सांगतो: रिंगचं चित्र पुन्हा काढायला बसू नका. दहातली नऊ पोरं तेच करतात आणि दोन दिवस घालवतात. दोष बहुतेक वेळा आकड्यांत असतो.

मुगेन माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एलेकबाइट या गटानं १९९९ साली फुकट वाटलेलं हे टूडी फायटिंग गेमचं इंजिन. स्टेज म्हणजे दोनच फाइली. एसएफएफमध्ये चित्रं, डीईएफमध्ये सूचना. डीईएफ साध्या नोटपॅडमध्ये उघडते. इकेमेन गो हे नवं, मुक्त स्रोत इंजिनही याच फाइली वाचतं, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तिथंही लागू आहे. सोयीसाठी सूचनांची नावं आणि आकडे मी देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये दोन्ही इंग्रजीतच हवेत. हा विनोद नाही, पुढं येतंच.

लक्षणं

– फायटर कॅनव्हासच्या वर तरंगतो, नाहीतर घोट्यापर्यंत कॅनव्हासमध्ये रुततो.
– चालताना पाय घसरतात, कॅनव्हासला कुणी तेल लावल्यासारखे.
– कोपऱ्यात गेलं की दोर खांबापासून सुटतात. मधोमध आलं की पुन्हा जुळतात.
– उडी मारली की प्रेक्षक किंवा दोर कॅनव्हासपासून वर उचलले जातात, किंवा पडद्याच्या माथ्यावर रिकामी पट्टी दिसते.
– कडेला काळा किंवा गुलाबी पट्टा येतो, किंवा आधीची चित्रं पुसली न जाता फरफटत राहतात.
– पुढचे दोर फायटरच्या मागे जातात, किंवा अख्खी रिंगच पुढे येऊन फायटर गायब होतात.
– दोरांभोवती रंगीत चौकटी दिसतात.
– दोर आणि खांब एकमेकांशेजारी थरथरतात.
– स्टेज उघडतच नाही.

तुमचं लक्षण यातलं कुठलंही असो, तपासणी खालच्याच क्रमानं करा. दोन दोष एकावर एक चढलेले असले की वरचा झाकतो आणि खालचा सतावतो. फायटर तरंगतोय म्हणून एकानं तासभर उंची बदलली. खरा घोटाळा चित्राच्या अक्षात, म्हणजे इंजिन ज्या बिंदूवरून चित्राची जागा मोजतं त्यात होता. शेवटी त्याच्याकडे दोन्ही चुकीचे झाले.

आधी स्टेजच्या फोल्डरची एक नक्कल करून बाजूला ठेवा. मग गेम खिडकीत चालू ठेवा, शेजारी नोटपॅड. आकडा बदला, सेव्ह करा, गेममध्ये शिफ्ट आणि एफ४ दाबा. स्टेज आणि फायटर पुन्हा लोड होतात, गेम बंद करावा लागत नाही. एका वेळी एकच आकडा बदला. तीन बदलले आणि दुरुस्त झालं, तर कशानं झालं हे कळत नाही, आणि पुढच्या स्टेजला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोष स्टेजचाच आहे का?

दोन मिनिटांचं काम. मुगेनबरोबर येणारा कुंग फू मॅन तुमच्या रिंगमध्ये उभा करा. मग तुमचा फायटर मुगेनच्या मूळ स्टेजवर उभा करा. कुंग फू मॅन रिंगमध्ये नीट उभा राहतो आणि तुमचा फायटर दोन्हीकडे तरंगतो, तर रिंग निर्दोष आहे. फायटरच्या चित्रांचा अक्ष पायाशी नाही. अशा वेळी स्टेज खालीवर केली, की बाकीचे सगळे फायटर बिघडतात. एका पोरानं कॅनव्हासमध्ये रुतणाऱ्या एका उतरवलेल्या फायटरसाठी अख्खी रिंग बारा पिक्सेल खाली घेतली होती. नंतर त्याचे उरलेले नऊ फायटर कॅनव्हासवर हवेत चालत होते.

उघडतच नसेल तर

मुगेनच्या फोल्डरमधली मुगेन डॉट लॉग ही फाइल उघडा आणि शेवटच्या ओळी वाचा. कुठं अडलं ते बहुतेक तिथं लिहिलेलं असतं. पोरं ती उघडतच नाहीत, थेट माझ्याकडे येतात.

नेहमीचे गुन्हेगार तीन. पहिला, विंडोज शेपूट लपवतं, त्यामुळे नोटपॅडनं ‘रिंग डॉट डीईएफ’च्या पुढं गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवलेलं दिसत नाही. फाइलींची शेपटं दाखवण्याचा पर्याय चालू करा. दुसरा, एसएफएफचा पत्ता: फाइल स्टेजेस फोल्डरमध्ये आणि डीईएफमध्ये नाव वेगळं, किंवा नावात मराठी अक्षरं, मोकळ्या जागा. नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत, सलग ठेवा. तिसरा खास आपला: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि २२० हा आकडा खरोखरच देवनागरीत टाइप होतो. डोळ्यांना २२० दिसतो, इंजिनला दिसत नाही. पहिल्या वेळी हा दोष शोधायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती. आता मी सगळ्यात आधी तेच बघतो.

कोण पुढं, कोण मागं

इथून पुढं एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या दृष्टीनं रिंग ही एक भरीव वस्तू आहे. इंजिनच्या दृष्टीनं रिंग नावाचं काही नाहीच. एकापुढे एक टांगलेले कागद आहेत. कालिदास कलामंदिरात मागच्या रांगेतून वाडा खराखुरा वाटतो, पण विंगेत उभं राहून पाहिलं की फळकुटं, पडदे आणि झालर दिसते. मुगेनची स्टेज तशीच असते.

हे कागद डीईएफमध्ये ज्या क्रमानं लिहिले, त्या क्रमानं रंगवले जातात. वरचा आधी, म्हणजे सगळ्यात मागे. प्रेक्षक, मागचे दोर, कॅनव्हास असा क्रम हवा. कॅनव्हास आधी लिहून प्रेक्षक नंतर लिहिले, तर प्रेक्षक कॅनव्हासवर येऊन बसतात. फायटरच्या मागे की पुढे हे ‘लेयर-नो’ ठरवतं: ० म्हणजे मागे, १ म्हणजे पुढे. पुढच्या दोरांना तेवढा १ द्यायचा. एका ठिकाणचा भाग उचलून दुसरीकडे चिकटवताना हा १ सोबत येतो आणि कॅनव्हास फायटरवर चढतो. ‘फायटर गायब’ या तक्रारीचं कारण जवळपास नेहमी हेच.

दोरांभोवती चौकटी दिसत असतील, तर ‘मास्क’ला १ द्या. मग रंगसंचातला शून्य क्रमांकाचा रंग आरपार होतो. चौकट गेली पण दोराच्या कडेला गुलाबी केसाळ रेघ उरली, तर चूक चित्र काढताना झाली आहे. मऊ ब्रशनं काढलेल्या दोराची कड पार्श्वभूमीच्या गुलाबीत मिसळते, आणि ते मिश्रण शून्य क्रमांकाचं नसतं. दोर कडक पेन्सिलनं पुन्हा काढा. चित्राला हात लावायची परवानगी मी देतो ती इथंच.

पाणी कुठवर आलं?

‘झेड-ऑफसेट’ म्हणजे पडद्याच्या माथ्यापासून जमिनीची रेघ किती पिक्सेल खाली आहे, तो आकडा. फायटरचे पाय याच रेघेवर टेकतात. आमच्याकडे गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, पाणी किती चढलं हे काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. मारुती हलत नाही, पाणी हलतं. स्टेजमध्ये झेड-ऑफसेट हा तो मारुती. एकदा ठरवला की त्याला हलवायचं नाही, बाकीचे कागद त्याच्या हिशोबानं लावायचे.

पोरं नेमकं उलटं करतात. कॅनव्हास कुठंतरी ठेवतात आणि पाय टेकेपर्यंत झेड-ऑफसेट वरखाली करतात. पाय टेकतातही, पण पुढं चालताना घसरायला लागतात. का, ते खाली. सध्या एवढंच करा: ३२० बाय २४० च्या स्टेजला झेड-ऑफसेट २०५ ठेवा, आणि कॅनव्हासच्या चित्राची वरची कड १७० वर, खालची कड २४० वर येईल असा ‘स्टार्ट’ (चित्र कुठं ठेवायचं ते सांगणारे आकडे) द्या. पायाची रेघ बरोबर मधोमध आली. हा मध्य पुढं फार उपयोगी पडणार आहे.

रिंग अर्धी उजवीकडे सरकलेली दिसत असेल, तर स्टार्टला हात लावण्याआधी फायटर फॅक्टरीत (मुगेनच्या फाइली संपादित करायचं सॉफ्टवेअर) चित्राचा अक्ष पाहा. स्टार्टमधला ०,० म्हणजे पडद्याचा वरचा मध्य. तिथं चित्राचा अक्ष बसतो. चित्राची रिकामी कड कापली की अक्ष अनेकदा वरच्या डाव्या कोपऱ्यात राहतो आणि मग मध्यापासून पुढं सगळी रिंग उजवीकडे पसरते. अक्ष चित्राच्या वरच्या कडेच्या मधोमध आणा. स्टार्टमध्ये उणे तीनशेसारखे आकडे घालून ठिगळ लावलंत, तर नंतरचा प्रत्येक हिशोब त्या ठिगळासकट करावा लागतो.

कागद पुरतो का?

कडेला पट्टा येणं किंवा चित्रं फरफटणं याचं कारण एकच: तिथं कागदच नाही. खात्री करायला ‘बीजीडेफ’ भागात ‘डीबग-बीजी’ला १ द्या. रिकामी जागा भडक गुलाबी होते. मग फायटरला डाव्या टोकाला न्या, उजव्या टोकाला न्या, उंच उडी मारा. गुलाबी कुठं डोकावतं ते कागदावर टिपून ठेवा.

किती रुंद चित्र लागेल याचा हिशोब सोपा आहे. कॅमेरा किती सरकतो हे ‘बाउंड-लेफ्ट’ आणि ‘बाउंड-राइट’ ठरवतात. समजा उणे १५० आणि १५०. प्रत्येक कागद कॅमेऱ्याच्या तुलनेत किती सरकतो, तो त्याचा ‘डेल्टा’. १ म्हणजे जमिनीइतका, ०.५ म्हणजे निम्मा, म्हणजे लांबचा. लागणारी रुंदी = ३२० + २ × १५० × डेल्टा. प्रेक्षकांचा डेल्टा ०.५ असेल तर ४७० पिक्सेल. डेल्टा १ असेल तर ६२०. पोरं सगळी चित्रं ४०० ची काढतात, कारण ‘पडद्यापेक्षा थोडी मोठी’ म्हणून. बरं, उपाय मोठं चित्र हाच असतो असं नाही. बाउंड-लेफ्ट आणि राइट कमी केले तरी भागतं. एका मिनिटात होतं, आणि रिंग छोटी असली तर बिघडत नाही. खऱ्या ऑलिंपिक धाटणीच्या रिंगमध्येसुद्धा दोरांच्या आत ६.१० मीटरचा चौकोन असतो, मैदान नसतं.

मुगेन १.१ मध्ये कॅमेरा झूम होतो. ‘झूम-आउट’ ०.८ दिलंत, तर दिसणारी रुंदी ३२० ऐवजी ४०० होते. वरच्या सूत्रात ३२० च्या जागी ४०० घाला. दुसऱ्याच्या स्टेजमधून कॅमेऱ्याचा भाग उचलला की हा ०.८ चोरपावलानं येतो. शंका असेल तर झूम-इन आणि झूम-आउट दोन्ही १ करा.

रिंग खरी कुठं वाहून जाते

आता मुख्य दोष. मधोमध सगळं जुळलेलं, कोपऱ्यात गेलं की सुटलेलं: हे लक्षण असेल, तर जागा चुकलेली नाही, वेग चुकलेत. जागा चुकली असती तर मध्यातही चुकीचंच दिसलं असतं. हा फरक ओळखला की निम्मं काम संपलं.

पोरं सहसा काय करतात? मागचे दोर लांब आहेत म्हणून ०.७, कॅनव्हास जमीन आहे म्हणून १, पुढचे दोर जवळ म्हणून १.३. एकेकटा विचार बरोबर आहे. पण कॅनव्हास एकाच अंतरावर नसतो. त्याची मागची कड मागच्या दोरांपाशी असते आणि पुढची कड पुढच्या दोरांपाशी. त्याला सबंध १ दिला, की कॅमेरा १५० सरकल्यावर कॅनव्हास १५० सरकतो, मागचे दोर मात्र १०५. पंचेचाळीस पिक्सेलची दरी. खांब कॅनव्हास सोडून बाहेर उभा.

त्यामुळे कॅनव्हासचा प्रकार ‘नॉर्मल’ ठेवू नका, ‘पॅरलॅक्स’ करा. चित्रात तो मागे अरुंद आणि पुढे रुंद असा समलंब काढा. पॅरलॅक्स प्रकारात वरच्या आणि खालच्या कडेचं प्रमाण वेगळं देता येतं. मधल्या ओळी इंजिन त्या प्रमाणात एकेक करून सरकवतं. वरची कड ०.८५ नं सरकेल आणि खालची १.१५ नं, असं बसवा. आता मागच्या दोरांना बरोबर ०.८५ द्या आणि पुढच्या दोरांना बरोबर १.१५. अंदाजानं ०.८ किंवा ०.९ नाही. जी वस्तू कॅनव्हासच्या ज्या कडेला खिळलेली आहे, तिला त्याच कडेचा आकडा.

आणि आता तो मध्य. वरची कड १७० वर, तिचा वेग ०.८५. खालची २४० वर, वेग १.१५. मधोमध २०५ वर वेग येतो बरोबर १. फायटर नेमका १ नंच सरकतो. म्हणून पायाची रेघ २०५ वर हवी. ती २२५ वर नेली, तर तिथं कॅनव्हास सुमारे १.०९ नं पळतो आणि पाय घसरतात. पाय घसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येक पोरानं आधी झेड-ऑफसेट हलवलेला होता. तुमचा कॅनव्हास वेगळ्या उंचीचा असेल, तर पायाच्या रेघेवर वेग १ येईल असे दोन कडांचे आकडे निवडा.

तपासायला कॅनव्हासच्या चित्रात पायाच्या रेघेवर चार-पाच ठळक ठिपके काढा. फायटरला एका ठिपक्यापाशी उभं करा आणि दुसऱ्या खेळाडूला चालवून कॅमेरा सरकवा. पाय ठिपक्यावरच राहिला पाहिजे. राहिला की ठिपके पुसा. एकानं ते पुसलेच नाहीत, ‘प्रायोजकाचे’ म्हणून ठेवून दिले. वाईट दिसत नव्हते.

खांब कुठं रोवायचा, त्याचाही हिशोब आहे. कॅमेरा उजव्या टोकाला १५० वर असताना ०.८५ वाला कागद १२७.५ सरकलेला असतो. मागचा खांब मध्यापासून २८० वर काढला, तर तो पडद्यावर १५२.५ वर दिसेल. पडद्याची कड १६० वर आहे, म्हणजे खांब कडेच्या जरासा आत. फायटर साधारण १४५ पर्यंतच जातो, कारण स्टेजमध्ये कडेपासून १५ पिक्सेलची मर्यादा सहसा असते. म्हणजे फायटर खांबाच्या किंचित अलीकडे थांबतो, दोरांना पाठ टेकवल्यासारखा. अदृश्य भिंतीला धडकून रिंगच्या मधोमध थांबणारा फायटर दिसला, तर समजा की खांब फार लांब रोवलेत.

दोर आणि खांब नुसते थरथरत असतील, तर त्यांचे डेल्टा जवळजवळ सारखे आहेत, सारखे नाहीत. ०.८५ आणि ०.८६. दोघं वेगवेगळ्या क्षणी पुढच्या पिक्सेलवर उडी घेतात आणि तेच थरथरणं दिसतं. दोघांना एकच आकडा द्या. त्याहून बरं, खांब आणि दोर एकाच चित्रात काढा. मग भांडायला दोघं उरतच नाहीत.

उडी मारली की

उभ्या दिशेलाही डेल्टा असतो, दुसरा आकडा. कॅमेरा वर किती जातो ते ‘बाउंड-हाय’ सांगतं, समजा उणे ४०. रिंगच्या प्रत्येक भागाला उभा डेल्टा १ द्या: मागचे दोर, कॅनव्हास, पुढचे दोर, सगळ्यांना. आडव्यात फरक, उभ्यात एकच. ०.८५ दोन्हीकडे भरलं, तर पूर्ण उंचीवर दोर कॅनव्हासपासून सहा पिक्सेल सुटतात आणि खांबाखालून प्रेक्षक दिसतात. प्रेक्षकांना ०.५ चालेल, पण मग त्यांचं चित्र पडद्याच्या माथ्यावर किमान २० पिक्सेल जास्त हवं, आणि खाली कॅनव्हासच्या मागं दडलेलं. घाई असेल तर ‘व्हर्टिकल-फॉलो’ ० करा. कॅमेरा वर जाणारच नाही. हा उपाय मी स्पर्धेच्या आदल्या रात्रीच सांगतो.

सगळ्याला चारनं गुणलं, तरी फायटर बुडाला

हा दोष गेल्या दोन उन्हाळ्यांत फार वाढलाय. रिंग मोठ्या टीव्हीवर छान दिसावी म्हणून ‘लोकल-कोऑर्ड’ (स्टेजचा पडदा किती पिक्सेलचा धरायचा ती सूचना) १२८०, ७२० करतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, की सगळं चौपट करा. रुंदी ३२० ची १२८० झाली, ठीक. पण २४० ची चौपट ९६० होते, आणि पडदा तर ७२० चाच. २०५ चा ८२० झाला, फायटर पडद्याच्या खाली गेला. आडवे आकडे चौपट करा. उभ्या जागा चौपट करून त्यातून २४० वजा करा: ८२० मधून २४० गेले, ५८०. बाउंड-हायसारखी अंतरं मात्र नुसती चौपट, उणे १६०, कारण ती जागा नाही, लांबी आहे. डेल्टाला हात लावू नका. ते प्रमाण आहे.

पुढचे दोर: ठेवायचे की नाही

इथं दुरुस्ती संपते आणि आवडनिवड सुरू होते, तरी तक्रार म्हणून येतंच: "दोरांमुळे लाथ दिसत नाही." बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय रिंगला चार दोर असतात, कॅनव्हासपासून ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटरवर. शंभर पिक्सेल उंचीचा फायटर पावणेदोन मीटरचा धरा. सर्वांत वरचा दोर साधारण ७४ पिक्सेलवर येतो, पुढच्या कडेला जवळ असल्यानं ८५ वर. म्हणजे पडद्यावर १५५ च्या रेघेवर, बरोबर फायटरच्या कमरेशी. उरलेल्या तिनांपैकी दोन त्याच्या मांड्या आणि नडग्यांवरून जातात, सर्वांत खालचा पायांच्याही खालून. मोजमाप अगदी खरं, आणि म्हणूनच खेळायला त्रासदायक. बॉक्सरला चालेल, तो लाथ मारत नाही. तुमच्या यादीतल्या बाकीच्यांना नाही चालणार. माझं मत: पुढचे दोर काढूनच टाका, पुढे फक्त दोन खांब ठेवा. अगदीच जीव अडकला असेल, तर ‘ट्रान्स’ वापरून पारदर्शक करा. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधला बॉक्सर लास वेगासच्या कॅसिनोसमोर रस्त्यावर लढतो, रिंगमध्ये नाही. त्या लोकांनाही दोरांनी छळलं असेल, अशी माझी आपली एक शंका.

बाजूचे दोर हा सगळ्यात अवघड भाग. ते मागच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जातात, म्हणजे त्यांचं एक टोक ०.८५ नं आणि दुसरं १.१५ नं सरकायला हवं. पॅरलॅक्स चित्राच्या उंचीनुसार ओळी सरकवतो, अंतरानुसार नाही. कॅनव्हास आडवा पडलेला असल्यानं तिथं हे जमतं, उभ्या रचलेल्या चार दोरांना जमत नाही. मी दोन रविवार घालवून पाहिलेत. बाजूचे दोर खांबापासून आठ-दहा पिक्सेल काढून सोडून द्या, पुढचं पडद्याबाहेर आहे असं भासवा.

इथं थांबा

बाजूचे दोर खरेच हवे असतील, कॅमेऱ्याबरोबर रिंग फिरायला हवी असेल, तर डीईएफशी झगडणं बंद करा. हे त्रिमिती मॉडेलचं काम आहे. इकेमेन गोच्या अलीकडच्या आवृत्त्या स्टेजमध्ये त्रिमिती मॉडेल घेतात, पण ते बनवायला मॉडेलिंग येणारा माणूस लागतो. त्याला पैसे देऊन करून घ्या. चित्रातली खोलीच चुकलेली असेल, म्हणजे कॅनव्हास वरून पाहिल्यासारखा आणि खांब समोरून, तर चित्रकाराकडे द्या. आकडे हलवून ते जुळत नाही.

दुसऱ्याची स्टेज उतरवली आणि त्यात डीईएफ, एसएफएफ आणि गाण्याची फाइल सोडून एखादी ईएक्सई फाइल निघाली, तर ती चालवू नका. स्टेजला तिची गरज नसते. चुकून चालवली असेल, तर इंटरनेट तोडा आणि संगणक जाणकाराकडे न्या.

मूळ स्टेजवरही गेम बंद पडतो, पडद्यावर चट्टे येतात, किंवा लॅपटॉप झटक्यात बंद होतो, तर हा रिंगचा विषयच नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो, पंख्यात वर्षाची धूळ असते आणि पोरं लॅपटॉप गादीवर ठेवून खेळतात. बाहेरची जाळी साफ करा, टेबलावर ठेवून बघा. तरीही तेच, तर दुरुस्तीवाल्याकडे. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, स्वतः उघडू नका, दाबून बसवू तर मुळीच नका. त्याच दिवशी तंत्रज्ञाकडे न्या.

आणि माझ्यासारख्या कुणाकडे स्टेज पाठवणार असाल, तर नुसतं "चालत नाही" लिहू नका. डीईएफ आणि एसएफएफ दोन्ही पाठवा. सोबत चार स्क्रीनशॉट: मधोमध, डावं टोक, उजवं टोक आणि उंच उडी, चारही डीबग-बीजी १ ठेवून. ते पाहून बहुतेक वेळा फाइल न उघडताच कळतं. काम झालं की डीबग-बीजी परत ० करा. मागच्या बॅचच्या प्रदर्शनात एकाची रिंग सुंदर जुळली होती, आणि बाकी सगळी हवा भडक गुलाबी होती.